पिसे विरुद्ध पिसे

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला बघून कुणाला आनंद झाल्याचं मला आठवत नाही. पोस्टमन दिसला की लोक पुढं येतात, मी दिसलो की मागच्या दारानं जातात. हुबळीच्या कोर्टात मी बेलीफ होतो. बेलीफ म्हणजे न्यायाधीश, वकील, कारकून या सगळ्यांनी कागदावर केलेलं काम शेवटी ज्याला पायी जाऊन करावं लागतं तो माणूस. समन्स पोचवायचं, नोटीस लावायची आणि घर खाली करून द्यायचं वॉरंट असलं, तर आतल्या माणसाला बाहेर काढून चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची.

लोकांनी या कामी मला काय काय दाखवलं म्हणून सांगू. एक गृहस्थ मी गेलो की आंघोळीला बसत. अंगावर पाणी घेत असलेल्या माणसाला हात लावता येत नाही, असा त्यांचा समज होता. पाच वेळा गेलो, पाचही वेळा ते ओले. सहाव्या वेळी बोअरवेलला पाणी नव्हतं, म्हणून काम झालं. दुसऱ्या एका घरी मालक वारला असं सांगून बायकोनं मला रडत रडत आत नेलं. मेलेला माणूस चटईवर होता आणि त्याला माझ्यासमोर शिंक आली. असल्या गोष्टी सांगून मी पाहुण्यांना पुष्कळ हसवलं आहे. पण ज्यांच्या घरातून मुलांची दप्तरं उचलून मी फुटपाथवर ठेवली, त्यांच्या गोष्टी मी सांगत नाही. त्या बऱ्याच आहेत, आणि ते रस्ते मी आजही टाळतो.

ही गोष्ट मात्र मी आनंदानं सांगतो. ती दत्ताण्णा पिसे यांची.

लॅमिंग्टन रोडच्या मागं एका बोळात कौलारू घर होतं. मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढं रस्त्याला लागून दुकानाची खोली. दत्ताण्णा तिथं भाड्यानं राहत आणि पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत. म्हणजे पूर्वी करत. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा हुबळीत रेडिओ दुरुस्त करून घेणारं कुणी उरलं नव्हतं, पण दुरुस्तीला आलेले रेडिओ सगळे उरले होते. जमिनीपासून छतापर्यंत रेडिओच रेडिओ. कुणी कधी चौकशीला आलंच तर दत्ताण्णा सांगत, 'गुरुवारी या.' कुठला गुरुवार ते विचारायचं नाही.

त्यांची बायको सुमनअक्का कपडे शिवायची. घर तिच्या शिलाईवर चालत होतं. तिचं मशीन स्वयंपाकघरात, कट्ट्याला लागून. ब्लाउजच्या बाहीला फोडणीचा वास येतो अशी तक्रार एका गिऱ्हाईकानं केल्याचं तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. पुढची खोली मिळाली तर शिवणाचा क्लास काढावा, चार मुलींना शिकवावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पण घराचा वाद कोर्टात होता. जुने मालक शेट्टर यांनी घर खाली करून मागितलं होतं. खालच्या कोर्टात ते जिंकले, दत्ताण्णा वरच्या कोर्टात गेले, आणि तिथं 'जैसे थे' असा हुकूम मिळाला. वाद चालू असेपर्यंत आहे ती परिस्थिती बदलायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. दत्ताण्णांनी तो फार मनावर घेतला. कौल फुटलं तरी बदलायचं नाही, कारण जैसे थे. भिंतीला चुना नाही, जैसे थे. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सुमनअक्कानं पुढच्या खोलीतले रेडिओ जरा मागं सारायला सांगितलं, तर दत्ताण्णांनी तिला हुकुमाची नक्कल दाखवली. पाहुणे रेडिओंच्या मधे उभ्याउभ्या चहा पिऊन गेले. मुलीचं लग्न ठरलं, ते मुलगी चांगली होती म्हणून.

असं एकोणीस वर्षं चाललं. दोन वकिलांना दत्ताण्णांनी रजा दिली, कारण ते तडजोड करा म्हणाले. मग स्वतःच उभे राहू लागले. शेवटी वरच्या कोर्टातही ते हरले. घर खाली करून द्यावं ही शेट्टरांची डिक्री, म्हणजे कोर्टाचा अंतिम निकाल, कायम झाली. पण तोवर शेट्टर म्हातारे होऊन वारले आणि त्यांच्या बंगळूरच्या मुलाला हुबळीतल्या गळक्या घरात काही रस नव्हता. त्यानं ते विकून टाकलं. बोळात बातमी आली, कुणी बंगळूरच्याच पार्टीनं घेतलं म्हणून.

हे कळल्यावर दत्ताण्णा मला कोर्टाच्या आवारात भेटले. चेहरा अगदी खुललेला. डिक्री शेट्टरांची होती, शेट्टर गेले, घरही विकलं, आता डिक्री मेली, असं त्यांनी मला समजावलं. रेशनकार्ड दुसऱ्याच्या नावावर चालतं का, असा त्यांचा प्रश्न होता. बाहेरच्या पुष्कळ लोकांना असंच वाटतं, म्हणून सांगतो. डिक्री मरत नाही. घराबरोबर ती लेखी करून घेतली असेल, तर नव्या मालकानं कोर्टात दरखास्त द्यायची, जुन्याच्या जागी माझं नाव घ्या म्हणायचं. कोर्ट भाडेकरूला नोटीस काढतं, तुमचं काही म्हणणं आहे का विचारतं, आणि मग नव्या मालकाला तीच डिक्री वापरता येते. पुन्हा पहिल्यापासून दावा लावावा लागत नाही. हे मी दत्ताण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे नोटीस. मी घेणारच नाही."

नोटीस महिनाभरात आली, माझ्याच हातात. मी वाचली आणि परत शिरस्तेदारांच्या, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांच्या, टेबलावर नेऊन ठेवली. टायपिंगमधे चूक आहे म्हणालो. आमच्याकडं वादीच्या जागी प्रतिवादीचं नाव पडणं काही नवीन नव्हतं. या नोटिशीत दोन्हीकडं पिसेच होतं. दत्तात्रय पिसे यांच्याविरुद्ध सुमन पिसे. शिरस्तेदारांनी फाईल काढली, खरेदीखत काढलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि कन्नडमधे म्हणाले की चूक नाही, बायकोच आहे. त्यांनी फाईल मिटली. मग ते म्हणाले, हे घरी कुणाला सांगू नका, बायका ऐकतील.

खरं काय झालं ते पुढं सुमनअक्कानंच सांगितलं. शेट्टरांचा मुलगा घर विकायला निघाला, पण दत्ताण्णांसारखा भाडेकरू आत असलेलं घर कोण घेणार? जो बघायला येई त्याला दत्ताण्णा बसवून एकोणीस वर्षांचा खटला पहिल्या तारखेपासून सांगत. शेवटी त्या मुलानं कंटाळून सुमनअक्कालाच फोन केला, तुम्हीच काही मार्ग सांगा म्हणून. ती म्हणाली, मीच घेते. शिलाईतलं साठवलेलं होतं, माहेरच्या पाटल्या होत्या. खरेदी करायला ती गेली त्या दिवशी घरी लग्नाच्या बस्त्याला जाते म्हणून सांगितलं. हातातल्या पाटल्या गेल्या हे दत्ताण्णांच्या लक्षात आलं नाही. ते तेव्हा बंगळूरच्या पार्टीविरुद्ध तक्रार लिहीत होते.

घर घेतलं तर मग सांगून का टाकलं नाही, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर हे माझ्यावर दावा लावले असते. कोर्टाचा माणूस काढेल तेव्हाच निघेन म्हणून साऱ्या बोळात सांगून बसलेत. मग कोर्टाच्याच माणसाला आणायचं की."

तर मी नोटीस घेऊन गेलो. दत्ताण्णा दारात उभे. मी कागद पुढं केला, त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. माझं काम नोटीस द्यायचं, कुणाचा संसार उघडा करायचं नाही. तरी राहवलं नाही.

"अण्णा, घेऊ नका. पण नाव तरी बघा एकदा."

"बघणार नाही. बघितलं म्हणजे घेतलं."

घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर नोटीस दारावर चिकटवायची असा नियम आहे. मी डिंकाची बाटली काढली तर ती वाळलेली. तेवढ्यात आतून सुमनअक्का वाटीत गव्हाच्या पिठाची खळ घेऊन आली. गरम होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, खालच्या कोपऱ्याला जास्त लावा, तिथं वारं लागतं. आपल्याच नवऱ्याविरुद्ध आपणच काढलेली नोटीस बाईनं वाटी धरून आपल्याच दारावर लावून घेतली. दत्ताण्णा त्या वेळी पाठ करून उभे होते. पुढं आठ दिवस ते पुढच्या दारानं ये-जा करत नव्हते. नजर पडायला नको म्हणून शेजाऱ्यांच्या परसातून, गाईला वळसा घालून घरात येत, आणि कुणी नोटिशीतलं नाव सांगायला लागलं की कानांवर हात ठेवत.

तारखेला ते गेले नाहीत. कोर्टानं वाट बघितली, नाव पुकारलं, कुणी आलं नाही, आणि ताबा द्यायचं वॉरंट निघालं.

वॉरंट बजावायच्या दिवशी माझ्याबरोबर दोन पंच, चार हमाल आणि एक पोलीस शिपाई होता. गडबड होईल या भीतीनं शिपाई सकाळपासून दोनदा पोट बरं नाही म्हणाला होता. बोळात माणसं जमलेली. दत्ताण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दुकानाच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. शांत होते. त्यांचं एकच म्हणणं होतं. इतकी वर्षं लढलो, आता ज्यानं घर घेतलं त्यानं समोर यावं. तोंड लपवून कागद पाठवणाऱ्या माणसासाठी मी उठणार नाही.

मी वॉरंट वाचायला घेतलं. ते मोठ्यानं वाचावं लागतं. कन्नडमधे वाचलं, मग लोकांसाठी मराठीत. घराचा नंबर, चारी बाजूंच्या सीमा, प्रतिवादीचं नाव. डिक्रीदाराचं, म्हणजे नव्या मालकाचं, नाव आलं तिथं मी थांबलो. मी पाणी मागितलं. आतून सुमनअक्का तांब्या घेऊन आली, माझ्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"समोर या म्हणत होता ना? आले."

दत्ताण्णांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागं कुणी आहे का बघितलं. मग माझ्यापुढं हात केला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातातून घेतलेला तो पहिला कागद. चष्मा लावून त्यांनी वॉरंट पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचलं. चूक शोधत होते हे मला दिसत होतं. अखेर सापडली.

"नाव चुकलंय. पिसेच्या जागी पिशे टाईप झालंय."

"दोन्हीकडं तसंच आहे," सुमनअक्का म्हणाली. "तुम्हीही पिशे, मीही पिशे."

शिपायाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. दत्ताण्णा खुर्चीवरून उठले. खुर्ची स्वतःच उचलून बाहेर ठेवली.

मग सामान काढायला सुरुवात झाली. बाहेर निघणारी प्रत्येक वस्तू पंचनाम्यात लिहावी लागते. मी 'जुना रेडिओ, एक' असं लिहिलं, तर दत्ताण्णांनी हरकत घेतली. नुसता जुना रेडिओ कसं चालेल? हा मर्फी, याचा आवाज येतो पण फक्त बातम्या लागतात. हा चालतो, पण थाप मारावी लागते, थाप डाव्या बाजूनं. पंच बिचारे लिहून लिहून थकले. त्यातच गर्दीतली एक म्हातारी पुढं आली आणि हा आमच्या यजमानांचा रेडिओ म्हणून एक उचलून पोटाशी धरला. चोवीस वर्षांपूर्वी दिला होता म्हणे. मग दुसरा आला, तिसरा आला. तमाशा बघायला आलेला सगळा बोळ आपापला रेडिओ ओळखायला लागला. दत्ताण्णांना प्रत्येकाचं नाव पाठ होतं. चिठ्ठी नसताना ते सांगत होते, हा जोशी मास्तरांचा, हा इराण्णाचा, याला फक्त पट्टा हवा होता. माणसं सही करून रेडिओ नेत होती. शिपायानं बराच वेळ एका लाल रेडिओकडं बघितलं आणि हळूच सांगितलं की हा बहुतेक त्याच्या सासऱ्यांचा. सासरे अजून गुरुवारची वाट बघतात. हमालांना उचलायला जवळजवळ काही उरलं नाही.

पुढची खोली मोकळी झाली. आता मागचं घर. इथं मला कायद्याची एक अडचण आली. प्रतिवादी आणि त्याच्या नात्यानं आत राहणारं सगळं कुटुंब बाहेर काढून मग ताबा द्यायचा असतो. सुमनअक्का डिक्रीदार होती, पण प्रतिवादीची बायको म्हणून आत राहत होती. मी तिला सांगितलं, अक्का, तुम्हालाही एकदा बाहेर यावं लागेल. ती म्हणाली, येते, पण कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्याशिवाय गॅस बंद करता येणार नाही. तेव्हा कोर्टाचं वॉरंट, दोन पंच, चार हमाल आणि सरकारी शिपाई अशा आम्ही सगळ्यांनी उन्हात उभं राहून शिट्ट्या मोजल्या. दुसरीनंतर तिसरी लवकर येईना. दत्ताण्णा सवयीनं म्हणाले, रिंग सैल झालीय.

तिसरी झाली. ती बाहेर आली. मी आत जाऊन सगळीकडं बघितलं, बाहेर येऊन कुलूप लावलं, आणि बोळात, लोकांसमोर, चावी तिच्या हातात दिली. तिनं पंचनाम्यावर सही केली, कुलूप उघडलं आणि आत गेली. दार उघडंच ठेवलं, पण कुणाला या म्हणाली नाही.

गर्दी पांगली. शिपाई रेडिओ घेऊन गेला. दत्ताण्णा बाहेर ठेवलेल्या खुर्चीवर बसून होते. माझं काम संपलं होतं, मी जायला हवं होतं. पण मी शेजारच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "एकोणीस वर्षं मी हे घर वाचवत होतो."

"वाचलं की, अण्णा."

"मी नाही वाचवलं."

आतून शिवणयंत्राचा नाही, भांड्यांचा आवाज येत होता. ताटं मांडल्याचा. मग त्यांनी मला विचारलं की कायद्यानं आता ते या घराचे कोण. मी विचार करून सांगितलं, भाडेकरू नाही, मालक नाही, न विचारता आत गेलात तर घुसखोर. ते म्हणाले, अर्ज करावा लागेल का? चेष्टा करत नव्हते. माझ्याकडं कोरा कागद आहे का तेही विचारलं. मी दिला. त्यांनी मांडीवर ठेवून 'विनंती अर्ज' एवढं लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पेन तसंच धरून बसले. बायकोला उद्देशून मायना काय घालायचा ते त्यांना सुचेना. एवढे अर्ज लिहिलेला माणूस.

शेवटी त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

"सुमन, आत येऊ का?"

ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "तुम्ही एकोणीस वर्षं इथं हटून बसला म्हणून दुसऱ्या कुणी हे घर घेतलं नाही. नाहीतर माझ्या पाटल्यांत ते मिळालं असतं का? हातपाय धुवून या. भात निवतोय."

ते चप्पल काढून आत गेले. दोन पावलं जाऊन थांबले, वळून म्हणाले, बेलीफसाहेबांनाही जेवायला बोलवावं. मग जरा घोटाळले आणि आत बघून विचारलं, म्हणजे, बोलवायचं का? आतून होकार आला. ज्या घराचा ताबा दिला तिथं पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा माझा नोकरीभरचा नियम होता. तांब्याभर पाणी आधीच पिऊन झालं होतं, म्हणून मी जेवलोही. आमटी झणझणीत होती. दत्ताण्णा खाली मान घालून जेवत होते, आणि मधेच उठून त्यांनी कुकरची रिंग हातात घेऊन बघितली.

दुसऱ्या दिवशी वॉरंट बजावल्याचा अहवाल मी न्यायाधीशसाहेबांपुढं ठेवला. असे अहवाल ते नुसती सही करून बाजूला टाकत. हा त्यांनी पूर्ण वाचला. मग पेन खाली ठेवून कन्नडमधे विचारलं की प्रतिवादी सध्या कुठं राहतो.

"डिक्रीदाराच्या घरात, साहेब."

"कुठल्या हक्कानं?"

माझ्या मनात पुष्कळ उत्तरं आली, पण कोर्टात विचारलं तेवढंच सांगायची सवय होती.

"त्यांनी विचारलं, साहेब," मी म्हणालो, "आणि तिनं हो म्हटलं."

साहेबांनी सही केली.